इंदूबाईच्या लांब रोटीचा मटका

मित्रांनो, मटका म्हटला की तुम्हाला गार पाणी आठवत असेल. माझ्यात कुणी कधी पाण्याचा थेंब भरला नाही. मी जुना मटका आहे खरा, पण रोटीचा. मला चुलीवर पालथा घालतात. खालून जाळ माझ्या पोटात शिरतो आणि वर माझ्या पाठीवर रोटी पडते. रुमालासारखी पातळ आणि हातभर लांब. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडं तिला लांब रोटी म्हणतात, कुणी मटका रोटीही म्हणतं. माझी पाठ काळी झाली आहे आणि एका बाजूनं केसासारखी बारीक चीर गेली आहे. त्याची मला लाज नाही. लाज आहे ती दुसऱ्या गोष्टीची. हजारो लोकांनी माझी स्तुती केली आणि ती स्तुती माझी नव्हती. ज्या बाईची होती, तिचं नाव कुणी घेतलं नाही.

माझा जन्म रामाकोन्याचा. चिंधू कुंभारानं मला घडवलं. पाण्याच्या मटक्यापेक्षा माझी भिंत त्यानं जाड ठेवली आणि पाठ थापटून थापटून गुळगुळीत केली. इंदूबाई मला घ्यायला आली तेव्हा तिनं रांगेतल्या प्रत्येक मटक्याच्या पाठीवरून तळहात फिरवून पाहिला. चिंधूला कंटाळा आला.

"बाई, मटका घेऊन राहिली का सून पाहून राहिली?"

"सून खरबडी निघाली तं चालते," इंदूबाई म्हणाली, "मटका नाई चालत. रोटी चिकटते."

चिंधू हसला आणि त्यानं मला उचलून तिच्या हातात दिलं. सौसरपर्यंत ती मला बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. लेकराला घ्यावं तसं.

इंदूबाईचं माहेर सावरगावचं, पांढुर्ण्याहून जाम नदी ओलांडली की लागतं ते. तिची आई कलाबाई तिथं लग्नाकार्यात लांब रोट्या करायची. तिच्याकडून इंदूबाई शिकली. ती पीठ कपड्यातून गाळायची. मीठ टाकून कणीक इतकी सैल भिजवायची की पाहणाऱ्याला वाटावं, बिघडली. मग ती परातीत आपटायची, उचलायची, पुन्हा आपटायची. किती वेळ, ते ती कधी सांगत नसे, कारण ते दर खेपेला वेगळं असे. नंतर गोळा हातावर घेऊन ती एका हातावरून दुसऱ्या हातावर सोडत जायची. कणीक कोपरापर्यंत पसरायची, स्वतःच्या वजनानं खाली लोंबायची आणि लोंबता लोंबता माझ्या पाठीवर येऊन पडायची. अलगद. मला भार कळायचाही नाही.

सुरुवातीला आमची चूल वस्तीतल्या घरासमोर होती. येणारा-जाणारा थांबायचा. एखादी बाई म्हणायची, "इंदू, एक टाक वो माह्यासाठी," आणि उभ्या उभ्या खाऊन जायची.

इंदूबाईचा नवरा हिरामण एका सरकारी कचेरीत बाबू होता. माणूस वाईट नव्हता. तिला ताप आला तर तो भांडी घासायचा, तिच्यासाठी संत्री सोलून ठेवायचा. पण त्यानं वस्तीबाहेर, कचेरीतल्या लोकांच्या शेजारी घर बांधलं आणि त्याचं वागणं बदललं. आमच्याकडं कुणाच्या अंगणात काय शिजतं यावरून लोक माणसाची वस्ती आणि जात ओळखतात. लांब रोटी म्हटलं की कुठली माणसं, ते शेजाऱ्यांना लगेच कळलं असतं. नव्या घरी इंदूबाईनं समोर चूल मांडायला घेतली, तर तो म्हणाला, "इथं नको. मागं मांड."

"मागं धुवाडा कोंडते."

"कोंडू दे. समोरून ऑफिसातली लोकं जाते-येते."

"लाज कोनाची वाटते? रोटी आपन चोरून आनली का?" तिनं विचारलं.

त्यानं पेपर उघडून तोंडासमोर धरला. मी मागं गेलो. न्हाणीशेजारी, टिनाच्या पत्र्याखाली.

शेजारी प्रकाश राहायचा. तो हिरामणच्याच कचेरीत होता. एक दिवस कुंपणाजवळून तो म्हणाला, "हिरामणभाऊ, मांगून वास मस्त येऊन राहिला. काय शिजवून राहिल्या वहिनी?"

"काई नाई," हिरामण म्हणाला. "पानी तापवून राहिली."

तो जेवायला बसला तेव्हा इंदूबाईनं रोटी घडी करून त्याच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "पाहा बरं, पानी आज खरपूस तापलं." तो खाली बघून जेवला. पोटभर जेवला. पण कुणी पाहुणे येणार असले की पोळ्या व्हायच्या आणि माझ्यावर पोतं टाकलं जायचं.

मित्रांनो, पुढं मोबाइल सगळ्यांच्या हातात आले. हिरामणच्या मुलाचं, अमोलचं लग्न झालं होतं. त्याची बायको शीतल हिच्या ओळखीनं अश्विनी नावाची एक मुलगी नागपूरहून आमच्या घरी आली. जुन्या पदार्थांचे व्हिडिओ करून ती मोबाइलवर टाकायची. गोड बोलायची. तिनं माझ्याभोवती झेंडूची फुलं मांडली, माझी राख पुसली आणि इंदूबाईसमोर मोबाइल धरला.

"काकू, आधी तुमचं नाव सांगा, आणि हे कुणाकडून शिकलात ते."

इंदूबाईनं पदर सारखा केला. "मी इंदू. सावरगावच्या कलाबाईची पोरगी. माही माय..."

तेवढ्यात हिरामण आतून आला. "नाव-गाव नका टाकू, बाई. चेहरा बी नका घेऊ. ऑफिसातले सारे पाहतेत."

"काका, चेहरा असला की लोकांना आपलं वाटतं."

"हात घ्या ना. हातच तं करून राहिले."

अश्विनीनं इंदूबाईकडं पाहिलं. इंदूबाईनं पदर पुन्हा खोचला आणि कणकेला हात घातला. हिरामण आत निघून गेला आणि रोट्या होईपर्यंत बाहेर आला नाही. मोबाइल कोपरापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

तो व्हिडिओ पुढं शीतलनं सगळ्यांना दाखवला. कणीक आपटण्याचा एवढा मोठा वेळ पापणी लवेपर्यंत संपला होता. आवाज काढून त्यावर बासरी घातली होती. आणि नाव रिकामं होतं म्हणून तिथं दुसरंच काही भरलं होतं. लिहिलं होतं, एका राजघराण्याच्या भटारखान्यातली विसरलेली रोटी, आमच्या पणजीच्या आठवणीतून.

खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. काय सुंदर मटका आहे. असा मटका कुठं मिळेल. मातीच्या मटक्याची चवच वेगळी. एकानं तर मला नमस्कार पाठवला होता. मित्रांनो, मी आयुष्यभर नुसता तापत बसलो. दुसरं काही केलं नाही. ती स्तुती ऐकताना मला पोतं टाकून घ्यावंसं वाटलं.

इंदूबाईनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग हसून म्हणाली, "हात माहे हायत. पणजी तिची हाय."

"बाबा," अमोल म्हणाला, "खाली लिहून टाकू का, हे माह्या आईचे हात हायत म्हणून?"

"राहू दे," हिरामण म्हणाला. "कोन वाद घालत बसन."

इंदूबाईचं हसणं गेलं. "माह्या मायचं नाव तरी जाऊ द्याचं होतं," ती म्हणाली. मग उठली. "चाल वो शीतल, भाजी निवडू."

पुढच्या हिवाळ्यात ती आजारी पडली. नागपूरला नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. दुसऱ्या खेपेला ती आली नाही. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

त्यानंतर चूल विझली ती विझलीच. माझ्या पोटात कोळ्यानं जाळं केलं. टिनाखाली शेजारची कोंबडी येऊन बसायची, तीच माझी सोबत. हिरामण मागच्या दाराच्या पायरीवर बसायचा आणि तो व्हिडिओ पाहायचा. भिंतीवर इंदूबाईचा फोटो होता, पण तो कुणाच्या तरी लग्नात काढलेला, ताठ उभा असलेला. ती काही करते आहे, बोलते आहे, हसते आहे, असं घरात कुठंच नव्हतं. होते ते हे हात. अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग आला की तो बोटानं व्हिडिओ थांबवायचा. बासरी त्याला नको वाटायची. ती बंद केली की मग काहीच ऐकू यायचं नाही. तो मोबाइल कानाशी नेऊन पाहायचा.

वर्ष होत आलं. इंदूबाईच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. नातलग येणार होते, वस्तीतले येणार होते, नव्या शेजारातलेही येणार होते. हिरामणनं जेवण बाहेर सांगायचं ठरवलं. शीतल म्हणाली, "आत्याबाईच्या नावाचं जेवन, अन पोळ्या केटरिंगवाल्याच्या? मामाजी, मी रोट्या करतो."

"तुले येते?"

"आत्याबाईजवळ एक-दोन खेपा टाकून पाहिल्या होत्या. बाकी मोबाइलात पाहीन."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं मला जाळं काढून पुसलं, चुलीवर पालथं घातलं आणि जाळ केला. मोबाइल विटेला टेकवून ठेवला. बासरी वाजू लागली. मोबाइलमध्ये कणीक जितकी आपटली होती तितकीच तिनं आपटली आणि गोळा हातावर घेतला. कणीक मनगटापर्यंत आली आणि फाटली. अर्धी माझ्या पाठीवर, अर्धी राखेत.

दुसरीचंही तेच झालं. तिसरी पडली, पण मध्ये भोक आणि कडेला फाटे.

अमोल लाकडं घेऊन आला. "हे रोटी हाय का मध्य प्रदेशचा नकाशा?"

"नकाशाच खा मंग आज," शीतल म्हणाली. मग तिनं मोबाइलकडं बोट दाखवलं. "मोबाइलात तं असंच हाय. जसंच्या तसं केलं मी. उद्या काय तोंड दाखवू सगळ्याले?"

माझ्या पाठीवर जळक्या कणकेचे तुकडे चिकटले होते. मी पाहिलेलं सगळं माझ्यात होतं आणि मला एक अक्षर सांगता येत नव्हतं. तिनं ओल्या फडक्यानं माझी पाठ पुसली आणि पुन्हा परातीत कणीक आपटू लागली.

तेवढ्यात भिंतीच्या आतून आवाज आला. "अजून नाई झाली."

शीतल थांबली. "काय नाई झालं, मामाजी?"

"कनीक. ओला चिखल पडल्यावानी वाजून राहिली. आपट अजून. अन ती बासरी बंद कर."

अमोलनं मोबाइल बंद केला. शीतल आपटू लागली. दंड दुखले की हात बदलायची.

"आता?"

"नाई."

"आता, मामाजी?"

"नाई. थोडं पानी लाव हाताले."

आत हिरामण होता तिथंच होता. बाहेर फक्त परात वाजत होती. मलाही त्या आवाजात काही फरक कळेना, आणि मग अचानक कळला. धोतर दगडावर आपटावं तसा कोरडा, लांब फटका निघाला.

"झाली," आतून हिरामण म्हणाला. "आता घे."

शीतलनं गोळा हातावर घेतला. कणीक कोपरापर्यंत गेली, लोंबली, आणि तुटली नाही. रोटी माझ्या पाठीवर अख्खी येऊन पडली. वर्षभरानं. शीतल हसली, मग तिनं डोळे पुसले, आणि गालाला पीठ लागलं.

"तुमाले कसं मालूम हे?" तिनं भिंतीला विचारलं. "तुमी तं आत्याबाईच्या चुलीकडं कधी पाहिलंच नाई."

"पाहिलं नाई. ऐकू येत होतं."

"इतके वर्स हिकडून ऐकत होते?"

"हाव."

"मंग बाहेर काऊन नाई आले कधी?"

हिरामण मागच्या दारात येऊन उभा राहिला. चौकटीला हात धरून. "लाज वाटे," तो म्हणाला.

"कोनाची?"

"हे तिनं बी इचारलं होतं एकदा."

"मंग काय सांगतलं तुमी?"

"काईच नाई. पेपर वाचत बसलो."

शीतल उठली. तिनं रोटी घडी करून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती तिथंच उभ्यानं खाल्ली. संध्याकाळी मी गार झालो तेव्हा त्यानं मला स्वतः उचललं, घरातून नेलं आणि समोर रस्त्याकडच्या अंगणात आणून ठेवलं. तिथं चूल मांडली. विटा सारख्या बसेपर्यंत तो खाली वाकून होता. रस्त्यानं जाणारे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली, इंदूबाईच्या फोटोला लोकांनी फुलं वाहिली. मग पंगत बसली. शीतल माझ्यापाशी होती. हिरामण टोपल्यातून रोट्या वाढत होता. तो प्रकाशच्या ताटापाशी आला.

"अरे वा," प्रकाश म्हणाला, "मटका रोटी. राजघराण्यातली हाय म्हणते ना हे? मी मोबाइलवर पाहिली. तुमी बी तिथूनच शिकले का?"

तो टोचून बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण पंगतीतल्या वस्तीतल्या बायकांचे हात ताटात थांबले. शीतलनं माझ्यावर टाकायची रोटी हातावरच धरून ठेवली. सगळ्यांना ऐकायचं होतं. हिरामणनं नुसतं "हाव" म्हटलं असतं तर पंगत पुढं गेली असती. तो तसं म्हणायचा, हे मला ठाऊक होतं, मी मागं बसून ऐकलं होतं.

"त्या मोबाइलातले हात माह्या बायकोचे हायत, प्रकाशभाऊ," तो म्हणाला.

"मस्करी करता का?"

"तुमाले मी पानी तापवून राहिली म्हणो ना? ते हेच पानी."

प्रकाशनं ताटातली रोटी उचलून पाहिली. "म्हणजे इतके वर्स तुमी आमाले नुसत्या वासावर ठेवलं?"

पंगत हसली. हिरामण हसला नाही. टोपलं छातीशी धरून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "हे राजाची नाई. आमच्या वस्तीतली हाय. सावरगावच्या कलाबाईनं तिच्या पोरीले शिकवली. ती पोरगी म्हणजे इंदू. नाव तिनं सांगतलं होतं, मी टाकू देल्लं नाई." मग तो पुढच्या ताटाकडं गेला.

त्या दिवशी अमोलनं सगळं मोबाइलमध्ये घेतलं. कणीक आपटणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, न कापता, वर काही न वाजवता. शीतलचा चेहरा घेतला. आवाज कुठं बदलतो ते हिरामणनं बोलून सांगितलं. आधी कलाबाईचं नाव, मग इंदूबाईचं, गावासकट. अश्विनीला अमोलनं रागानं फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "पणजीचं मी मनानं घातलं, चुकलं माझं. पण दादा, मी नाव विचारलं होतं." तिनं तिच्या व्हिडिओखालचा मजकूर बदलून नावं घातली. हिरामण ते ऐकत होता. "ती खोटं नाई बोलून राहिली," एवढंच तो म्हणाला.

आमचा व्हिडिओ लांबलचक. पाहणारे थोडे. पण वस्तीतल्या दोन-चार सुना तो लावून कणीक आपटायला बसतात, असं शीतल सांगते.

परवा संध्याकाळी ती खालचं लिहिलेलं वाचत होती. "मामाजी, एका बाईनं इचारलं हाय. ज्यांची ही रोटी, त्या इंदूबाईले रोटी करताना काऊन नाई दाखवलं म्हणून."

"सोड ना," अमोल म्हणाला. "लिही, आई आता नाई म्हणून."

"नाई," हिरामण म्हणाला. "मी सांगतो ते लिही. एकदा दाखवनारी घरी आली होती. ती तयार होती, पदर सारखा करून बसली होती. मी तिचा नवरा. मी नाई म्हनलो."

शीतलची बोटं थांबली. "मामाजी, सारे वाचतीन हे."

"वाचू दे. खाली माहं नाव टाक. पूरं."

तिनं लिहिलं. त्यानं ते तिला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

मित्रांनो, आता अमोल म्हणतो, मटक्याला चीर गेली आहे, आईची आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवू. माझं ऐकाल तर तसं करू नका. रोटी माझ्यात नाही. चूल पेटवा, फुटेपर्यंत वापरा, आणि फुटलो की दुसरा मटका आणा. तो मिळेल. जपायचं ते माणसाच्या हातात आणि कानात असतं, आणि ते कुठल्या कुंभाराकडं मिळत नाही. तुमच्या घरात कुणी असं काही करत असेल तर मोबाइल जरूर काढा, पण आधी तिला नाव विचारा आणि सांगू द्या. ती बोलत असताना मध्ये येऊ नका. आवाज पुसू नका, कंटाळवाणं वाटलं तरी कापू नका. आणि शूटिंग संपलं की उठून जाऊ नका. हिरामण आता रोज माझ्या चुलीपाशी लाकडं सारत बसतो आणि मान वर करत नाही. तुमच्यावर ती पाळी येऊ नये. ती आहे तोवर जा आणि बसा, भिंतीच्या आत नाही, तिला तुम्ही दिसाल असे.